वेळापत्रकाचा धनी कोण?

करंज्याच्या बंदरावर सकाळी लाँचची वाट पाहत उभे राहिले म्हणजे वेळेचे तीन हिशेब एकाच ठिकाणी चाललेले दिसतात. मासळीची पाटी घेऊन बसलेली म्हातारी बोटांवर तिथी मोजत असते. रेवसच्या शाळेला निघालेले मास्तर मनगटावरचे घड्याळ पाहत असतात. आणि न्हावा-शेव्याच्या बाजूला कामाला जाणारा तरुण खिशातला मोबाईल काढून, आपली पाळी रात्रीतून बदलली तर नाही ना, हे तपासत असतो. पहिला हिशेब चंद्राचा, दुसरा सरकारचा. तिसरा कोणाचा? हा प्रश्न घेऊन आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

विषयाचे नाव थोडे बोजड वाटेल. ठराविक वेळी, माणसाने हात न लावता, पुन्हा पुन्हा आपोआप घडणारे काम संगणकाकडून कसे करवून घेतात, असा तो विषय आहे. आम्ही कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कामगार कायद्याची जुनी पुस्तके चाळताना आणि रात्री लाँचच्या धक्क्यावर वाचताना. तेव्हा संगणकशास्त्र शिकवण्याचा आव आम्ही आणणार नाही. आम्हांला सांगायचा आहे तो वेळापत्रकाचा इतिहास. आणि तो आपल्याच खाडीवरून सुरू होतो.

आमची आजी अक्षरशत्रू होती, पण तिला पाऊणकी पाठ होती. तिथीला पाऊणपट करावी की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठ पाऊणे सहा. पुनवेला आणि अवसेला बाराच्या आसपास. भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, हे शास्त्र तिला कोणी शिकवले नव्हते. पण होडी कधी लोटायची, मिठागरात उधाणाचे पाणी कधी घ्यायचे, सारे या एका हिशेबावर चालत असे. आजी आम्हांला बजावी, “तिथ इसरलास तं होरी चिखलान रुतेल.” आजही ओहोटीला मोऱ्याची लाँच गाळात अडते, तेव्हा आजीचे शब्द आठवतात.

हाच हिशेब पुढे यंत्राने करायला घेतला. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद घेणारे यंत्र बसले. विल्यम थॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८७२ च्या सुमारास भरतीचे भाकीत करणारे यंत्र बनवले होते. त्याच तत्त्वावर हिंदुस्थानातील बंदरांसाठी १८७९ साली लंडनमध्ये एक यंत्र तयार झाले. चाके फिरवली की येणाऱ्या दिवसांच्या भरतीची रेषा कागदावर उमटे, आणि तीवरून वर्षाचे तक्ते छापले जात. आजीच्या पाऊणकीचे हे थोरले भावंडच म्हणायचे. परंतु आजीची पाऊणकी काय किंवा ते यंत्र काय, दोघांनीही वेळ ठरवली नाही. ती चंद्राने ठरवली. यांनी फक्त ओळखली. चंद्राविरुद्ध दाद मागता येत नाही, आणि मागण्याचे कारणही नाही, कारण तो कोणाचा पक्षपाती नाही.

गिरणीचा भोंगा मात्र चंद्राने वाजवला नाही.

मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ साली उभी राहिली, आणि पुढच्या तीस वर्षांत कोकणातली आणि घाटावरची हजारो माणसे भोंग्याच्या हुकमतीखाली आली. उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि त्याला आठवड्याचा खंड नाही. यंत्रे पुसण्याचा दिवस तेवढा सुट्टीचा, आणि तोही अर्धा कामातच जाई. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ च्या सप्टेंबरात कामगारांची सभा भरवली. त्या सभेच्या मागण्या आज वाचल्या तर नवल वाटते, कारण त्यांतील बहुतेक पैशाच्या नसून वेळेच्या आहेत. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावे आणि सूर्यास्ताला थांबावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. साडेपाच हजार कामगारांनी त्या अर्जावर सह्या-अंगठे केले. अंगठा उठवणाऱ्या माणसाने मागितले काय, तर वेळापत्रकात चार ओळी आमच्याही लिहा!

सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. तीत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टीला आधार दिला. आपण रविवारी सकाळी निवांत चहा घेतो, तो रविवार आभाळातून पडलेला नाही. तो मागून घेतलेला आहे, आणि त्याला तारीख आहे.

दुसरी गोष्ट १९०६ सालची. त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून सरकारने ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे होती. म्हणजे एका रात्रीत घड्याळ ३९ मिनिटांनी पुढे गेले. सूर्य होता तिथेच होता, भरतीही ठरल्या पाण्याला येत होती. पण कामगाराला ३९ मिनिटे आधी, अंधारात घर सोडावे लागणार होते. त्याच जानेवारीत जेकब ससून गिरणीतील कामगारांनी या नव्या वेळेविरुद्ध उठाव केला, दगडफेकही झाली. संध्याकाळी तितकेच लवकर सुटाल, असा हिशेब त्यांना दाखवता आला असता आणि कागदावर तो बरोबरही होता. परंतु विजेचे दिवे आल्यावर दिवस कसा लांबवला जातो हे ज्याने भोगले होते, त्याचा त्या हिशेबावर विश्वास कसा बसावा? मुंबई महानगरपालिकेने तर आपली जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. पन्नास वर्षे एका शहरात दोन घड्याळे चालली! आज हे हट्टाचे वाटते. पण त्या हट्टात एक शहाणपण होते. घड्याळ कोणीतरी लावत असते, हे त्या लोकांना दिसत होते; आपल्याला ते दिसेनासे झाले आहे.

आता कायद्याकडे वळू. १९२२ च्या कायद्याने दिवसाचे तास ११ वर आणले, १९३४ च्या कायद्याने १० वर, आणि १९४८ च्या कारखाने कायद्यात दिवसाला ९ तास व आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आली. त्या कायद्याचे ५७ वे कलम फारसे कोणी वाचत नसे. ते रात्रपाळीचे कलम होते. पाळी मध्यरात्रीच्या पलीकडे जात असेल तर त्या कामगाराचा पुढचा दिवस त्याची पाळी संपेल तेव्हा सुरू होईल, आणि मध्यरात्रीनंतर केलेले तास आदल्या दिवसात धरले जातील, असे ते सांगत होते. २०२० साली संसदेने अनेक कायदे एकत्र करून जी संहिता केली, तिच्यातही हे तत्त्व आहे. किती माणुसकीची गोष्ट आहे पाहा! जगाची तारीख रात्री बाराला बदलते. पण यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाची तारीख तो घरी जायला निघतो तेव्हा बदलते, हे कायद्याने ओळखले होते. हे कलम आपण ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आमचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा ते करंज्याला परत आले, आणि पुन्हा त्या दारात गेले नाहीत. गिरणी सुटली, पण भोंगा अंगातून गेला नाही. पुढे कित्येक वर्षे ते पहाटे त्याच घटकेला उठून ओट्यावर बसत. आई म्हणे, “आता कुठे जायचंय तुम्हांला?” ते काही बोलत नसत. माणसात एकदा घातलेले वेळापत्रक असे आपोआप चालत राहते.

त्याच सुमारास, सातासमुद्रापलीकडे, वेळापत्रक यंत्रात घालण्याची विद्या घडत होती. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून युनिक्स नावाची संगणक चालवण्याची व्यवस्था तयार होत गेली. १९७९ साली निघालेल्या तिच्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ नावाचा एक छोटा कार्यक्रम होता. ग्रीक भाषेत काळाला ‘क्रोनोस’ म्हणतात, त्यावरून हे नाव. हा क्रॉन म्हणजे रात्रीचा गुरखाच. दर मिनिटाला जागा व्हायचे, भिंतीवरचा तक्ता पाहायचा, एखाद्या कामाची वेळ जुळली तर ते करायचे आणि पुन्हा डोळे मिटायचे. पुढे सुधारणा होऊन, पुढचे काम कधी आहे ते आधीच पाहून तोवर झोपण्याची युक्ती निघाली. १९८७ साली पॉल विक्सी यांनी लिहिलेला क्रॉन फार पसरला. त्याच्या नंतरच्या पिढ्या आजही जगभरच्या संगणकांत रात्रंदिवस पहारा देत आहेत.

हा तक्ता आम्हांला पहिल्यांदा दाखवला तो एका तरुण मित्राने. गावातलाच मुलगा, महाप्याला संगणकाच्या कंपनीत कामाला. चहाच्या टपरीवर वर्तमानपत्राच्या कडेला त्याने पाच रकाने आखले.

“हे बघा काका,” तो म्हणाला, “मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पाचांत आकडे भरायचे, आणि पुढे लिहायचं काय करायचं ते. जिथं तारा काढला, तिथं ‘प्रत्येक’ असं समजायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. पण त्याला अक्कल नाही. जे लिहिलंय ते तो करणार.”

या शेवटच्या वाक्यातच सारे आले. यंत्र ठरल्या मिनिटाला बंद असेल तर साधा क्रॉन चुकलेले काम आपणहून भरून काढत नाही. त्याची सोय निराळी करावी लागते. मागचे काम संपलेले नसले तरी वेळ झाली की तो पुढचे सुरू करतो. तारखेच्या रकान्यात १ आणि वाराच्या रकान्यात सोमवार लिहिला, तर पहिल्या तारखेचा सोमवार आला तरच काम होईल असे आपल्याला वाटते. पण तो दर पहिल्या तारखेलाही करतो आणि दर सोमवारीही करतो. पुष्कळ संगणकांची घड्याळे ग्रीनिचवर लावलेली असतात. तेथे मध्यरात्र लिहिली तर आपल्याकडे सकाळचे साडेपाच वाजलेले असतात. १९०६ सालचे भांडण असे पुन्हा नव्या कपड्यांत समोर येते. अमेरिकेत तर वर्षातून दोनदा घड्याळ तासाने मागे-पुढे करतात. पंचांगात क्षयतिथी असते तसा तिथे मार्चमधल्या एका रात्री एक तास क्षय पावतो आणि नोव्हेंबरात एका तासाची वृद्धी होते. त्या तासात लिहिलेले काम एकदा मुळीच होत नाही, नाहीतर दोनदा होते, असा अनुभव कार्यक्रम लिहिणाऱ्यांनी पुष्कळ घेतला आहे. आणि आपल्या नव्या मुंबईतली जी मुले अमेरिकन गिऱ्हाइकांसाठी रात्री जागतात, त्यांची झोपही त्याबरोबर तासभर सरकते.

एकेकटे काम पुरेना, तेव्हा कामांच्या साखळ्या आल्या. आधी हजेरी गोळा करायची, ती पुरी झाली तरच पगार काढायचा, तो निघाला तरच बँकेला यादी पाठवायची. अशी साखळी आखून तिच्यावर नजर ठेवणारी अवजारे निघाली. २०१४ साली एअरबीएनबी या कंपनीत सुरू झालेले ‘एअरफ्लो’ हे त्यांतले आज बरेच वापरात असलेले. आपल्या रोजच्या व्यवहारातही हे शिरले आहे. बँकेतून बँकेत पैसे पाठवण्याची एनईएफटी ही पद्धत १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, दर अर्ध्या तासाला एक, अशा दिवसाला ४८ खेपांनी चालते. पूर्वी तिला रविवार होता, आता नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून पगार जमा करणारी आणि कर्जाचे हप्ते कापणारी व्यवस्थाही रविवारी आणि सणासुदीला चालते. रविवारी पगार जमा झाला तर वाईट वाटण्याचे कारण नाही. पण हप्ताही रविवारीच कापला जातो. लोखंड्यांनी माणसासाठी मिळवलेला रविवार यंत्राने स्वतःसाठी कधी मागितला नाही. आणि यंत्र सुट्टी घेत नाही म्हणून त्याच्यामागे एखाद्या माणसाला रविवारी हाताशी फोन ठेवून बसावे लागते, हे आपण विसरतो.

आता ५७ व्या कलमाकडे परत येऊ.

आमच्याच भागातल्या एका कारखान्यात तिसरी पाळी रात्री साडेदहाला सुरू होऊन सकाळी साडेसहाला सुटे. बोटाचा ठसा घेणारे हजेरीयंत्र बसले, त्यामागे संगणक आला. रोज रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी तो दिवसाचा हिशेब बंद करी. तिसऱ्या पाळीच्या माणसाचा येण्याचा ठसा एका तारखेला, जाण्याचा दुसऱ्या तारखेला. संगणकाला एका दिवसात एकच ठसा दिसे. म्हणून तो त्या माणसाला अर्धा दिवस गैरहजर मांडी. पहिली काही वर्षे कोणाला कळलेही नाही, कारण टाइम ऑफिसातला एक जुना कारकून महिनाअखेरीस बसून त्या चुका हाताने दुरुस्त करीत असे. कोणी त्याला सांगितले नव्हते. त्याला ते दिसत होते. तो निवृत्त झाला. त्याची जागा भरली नाही, कारण काम तर ‘आपोआप’ होत होते!

पुढच्या पगाराला तिसऱ्या पाळीचे लोक स्लिपा घेऊन आमच्याकडे आले. एकाच्या मुलीची कॉलेजची फी त्याच आठवड्यात भरायची होती. हजेरीचा बोनसही गेलेला. तो माणूस चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. आम्हांला म्हणाला, “भाऊ, मी रोज होतो ना? की मलाच आठवत नाही?” यंत्राने छापलेल्या कागदापुढे माणूस स्वतःच्या रात्रीवरही संशय घेऊ लागतो, हे आम्ही त्या दिवशी पाहिले.

कचेरीतल्या साहेबांनी उत्तर दिले, “सिस्टीमच तसं दाखवते.” आम्ही विचारले, “सिस्टीमला तसं कोणी सांगितलं?” यावर ते गप्प बसले; त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, त्यांनाही खरोखरच ठाऊक नव्हते. कार्यक्रम पुरवणारा बाहेरचा, तो बसवणारा कधीच सोडून गेलेला. आम्ही कायद्याचे पुस्तक मेजावर ठेवले आणि ५७ वे कलम वाचून दाखवले. तक्त्यातली वेळ आमच्या तरुण मित्राने आधीच समजावून सांगितली होती, म्हणून मागणीही नेमकी करता आली: दिवस बाराला बंद करू नका, तिसरी पाळी सुटल्यावर करा, ठसे तारखेने न जोडता पाळीने जोडा, आणि हिशेब पगाराला जाण्यापूर्वी एका माणसाने पाहावा, त्याचे नाव फलकावर असावे. पहिल्या दोन मागण्या आठवडाभरात मान्य झाल्या, बाकीही मिळाली. तिसरीसाठी आम्हांला सहा महिने भांडावे लागले. यंत्रातली ओळ बदलायला फारसा खर्च येत नाही. जबाबदार माणूस नेमणे मात्र सर्वांना महाग वाटते.

कोणी म्हणेल, युनियनवाला यंत्राच्या विरुद्ध बोलणारच. तसे मुळीच नाही. रात्री हिशेबाच्या वह्या लिहून डोळे घालवणारे कारकून आम्ही पाहिले आहेत; ते कष्ट यंत्राने घेतले, हे चांगलेच झाले. पगार पहिल्या तारखेला न चुकता जमा होतो, हे तर १८८४ च्या त्या अर्जाचे फळ आज यंत्राच्या हातून मिळते आहे असेच आम्ही म्हणू. आमचे म्हणणे इतकेच की, ‘आपोआप’ हा शब्द फसवा आहे. आपोआप होणारे काम म्हणजे कोणीतरी एकदा घेतलेला निर्णय, जो तो माणूस निघून गेल्यावरही रोज अंमलात येत राहतो. निर्णय शहाणा असेल तर शहाणपण रोज वाढते. चूक असेल तर चूकही रोज, त्याच मिनिटाला, न थकता होते.

म्हणून अशा प्रत्येक वेळापत्रकाला तीन प्रश्न विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. हे कोणी लिहिले? यात दिवस कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, आणि तो कोणाचा दिवस आहे? हे चुकले तर कोणत्या माणसाच्या दारावर थाप मारायची? १८८४ च्या कामगारांना वाचता येत नव्हते, तरी त्यांनी हे प्रश्न विचारले. १९०६ च्या कामगारांनी ते रागाने विचारले. आपण शिकलेले आहोत. आपण ते शांतपणे, पण नक्की विचारले पाहिजेत.

२०२४ च्या जानेवारीत उरणपर्यंत लोकल आली. आता आमच्या गावची पोरे भरती पाहून नव्हे, तर गाडीची वेळ पाहून घर सोडतात. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही. मात्र आजी तिथी मोजायची तेव्हा तिला एक गोष्ट पक्की ठाऊक होती: हे पाणी कोणाच्या हुकमाने चढते. आपल्या मुलांनाही त्यांच्या मोबाईलमधल्या पाळीविषयी तेवढे तरी ठाऊक असावे.